चाकांचा कमठा

धनुष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचा राम उभा राहतो. वाकवलेली एक काठी आणि तिच्या दोन टोकांना ताणून बांधलेली दोरी. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेनंतर साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली. त्यांच्या हातातलं यंत्र मात्र या चित्रात बसणारं नव्हतं. दोन टोकांना वेड्यावाकड्या आकाराची चाकं, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या दोऱ्या, पुढे लांब दांडा, वर भिंग. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी ते चित्र पाहून विचारलं, ‘‘हे धनुष्य आहे की सायकलचा सुटा भाग?’’ प्रश्न चेष्टेचा होता, पण उत्तर शोधायला मला दोन वर्षं लागली. त्या शोधात मी यंत्रमागापासून पारध्यांच्या फाशांपर्यंत फिरून आलो.

या धनुष्याला कंपाऊंड म्हणतात. त्याचा जन्म मैदानावर नाही, शिकारीत झाला. अमेरिकेत आजही ही धनुष्यं मोठ्या प्रमाणावर खपतात ती हरणाच्या शिकारीसाठीच, आणि तिथे ‘जुनं धनुष्य सोडून नवं कंपाऊंड घ्यावं का’ हा शिकाऱ्यांच्या आवडत्या चर्चेचा विषय असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. म्हणून हे हत्यार भारतात आलं ते शिकार मागे ठेवून, केवळ खेळाचं साधन म्हणून. ज्या कामासाठी वस्तू घडली ते कामच वजा झालं आणि तरी वस्तू इथे रुजली, हे मला विलक्षण वाटतं.

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत ‘धनुष्य’ पोथीतलं, ‘कमान’ फारशीतून आलेली (आता ती दारावर जाऊन बसली आहे), आणि रानातला खरा शब्द ‘कमठा’. तिरकमठा म्हणजे तीर आणि कमठा. सोलापुरात मराठीच्या जोडीला कन्नड आणि तेलुगू रोज कानावर पडतात. कन्नडमध्ये धनुष्याला ‘बिल्लु’ म्हणतात, तेलुगूत ‘विल्लु’. भिल्ल हा शब्द याच द्राविडी मुळापासून आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे एका अख्ख्या जमातीला तिच्या हत्यारावरून नाव मिळालं. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी शेजारच्या पद्मशाली आजींना ‘विल्लु’ म्हणजे काय ते मुद्दाम विचारून खात्री करून घेतली. पुस्तकी व्युत्पत्तीवर माझा एकट्याने विश्वास बसत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांची सामग्री दिली आहे: ताड, वेळू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी जी द्रव्यं सांगितली आहेत त्यांत मूर्वा, ताग, स्नायू यांच्याबरोबर रुईही आहे. आपल्या माळाच्या बांधाबांधावर उभी असते तीच रुई. अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसच्या आधाराने एरियनने लिहिलं आहे की भारतीय पायदळाचं धनुष्य माणसाच्या उंचीचं असे, आणि ते जमिनीला टेकवून डाव्या पायाने दाबून ओढत. हे वेळूचं लांब धनुष्य झालं. शिंगाचं ‘शार्ङ्ग’ वेगळं. विष्णूला ‘शार्ङ्गधर’ म्हणतात ते याच धनुष्यावरून. लाकडाच्या पट्टीवर आतून शिंग आणि बाहेरून स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवून केलेलं धनुष्य आखूड असूनही जोरदार असतं, कारण शिंग दाब सोसतं आणि स्नायू ताण सोसतात. मुघल घोडेस्वारांकडे असंच धनुष्य होतं. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं भीमेच्या काठी, आपल्या माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला होती. तेव्हा या मुलखाने ती धनुष्यं भरपूर पाहिली असणार. त्यांचं दुखणं एकच होतं. सरस पावसाळी हवेत ढिला पडतो. म्हणूनच की काय, भारतात सबंध पोलादाची धनुष्यंही घडवली गेली. ती माराला कमी, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी बिघडत नसत. धातूचं धनुष्य ही पश्चिमेची देणगी नव्हे, एवढं या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

शिकारीचा सगळ्यात तपशीलवार जुना ग्रंथ तर आपल्या शेजारचाच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेचा मोठा भाग आहे आणि माणसाळवलेलं हरीण पुढे करून रानातल्या हरणांना जवळ आणण्याची रीत सांगितली आहे. यातलं गमक असं, की राजाकडे उत्तम धनुष्यं आणि उत्तम धनुर्धर असूनही हरीण जवळ आणावंच लागत होतं. का, ते पुढे आकड्यांतून दिसेल.

आता अमेरिकेत जाऊ. मिसुरी राज्यातला हॉलिस विल्बर अॅलन हा हरणांची शिकार करणारा खटपट्या माणूस. त्याची अडचण जगातल्या प्रत्येक धनुर्धर शिकाऱ्याची होती: दोरी सुटल्याचा आवाज हरणाला बाणाआधी पोचतो. हिशेब सोपा आहे. हरीण ३० मीटरवर आहे असं धरा. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे ६० मीटर जातो, म्हणजे त्याला अर्धा सेकंद लागतो. आवाज तेवढं अंतर सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या हिश्शात कापतो. हरणाला दचकून खाली दबायला आणि उसळी मारायला चार दशांश सेकंद मिळतात. जनावराला ते पुष्कळ झाले. बाण पोचतो तेव्हा तिथे हरीण नसतं. किंवा असतं, पण बाण पोटात बसतो आणि ते जखमी होऊन दूर जाऊन मरतं. अॅलनला बाणाचा वेग हवा होता. त्यासाठी जास्त ताठ धनुष्य घेतलं तर ते ओढून धरवत नाही. या पेचातून त्याने १९६६ मध्ये चाकं लावलेल्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ च्या अखेरीस ते मिळालं. टॉम जेनिंग्ज या धनुष्यकाराने ते बाजारात आणलं. पुढच्या वीस वर्षांत अमेरिकन शिकाऱ्याच्या हातातलं धनुष्य बदलून गेलं.

चाकांनी नेमकं काय केलं? साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं. सगळ्यात जड ते शेवटी, म्हणजे नेम धरायच्या क्षणीच. चाळीस पौंडांचं, म्हणजे अठरा किलोंचं धनुष्य तीन बोटांवर पेलून हात स्थिर ठेवायचा. कंपाऊंडमध्ये उलटं होतं. ओढायला लागल्यावर वजन झपाट्याने वाढतं, मग काही अंतर जवळपास तेवढंच राहतं, आणि शेवटच्या काही इंचांत एकदम उतरतं. या उतरण्याला लेट-ऑफ म्हणतात. तो पंचाहत्तर टक्के असेल, तर ६० पौंडांच्या (२७ किलो) धनुष्याचे धरताना १५ पौंड, म्हणजे सातेक किलो उरतात. पाण्याने भरलेली अर्धी कळशी समजा.

हे मी सोलापूरच्या एका जुन्या जॉबरला समजावत होतो. आयुष्यभर यंत्रमाग दुरुस्त केलेला माणूस. मी चाकाचं चित्र काढलं, तेव्हा त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि म्हणाला, ‘‘चाक कुठलं हो, कॅम आहे हा. धोटा मारायच्या कॅमचा भाऊ.’’ अगदी बरोबर. यंत्रमागात धोटा इकडून तिकडे फेकणारा कॅम गोल नसतो, त्याला एक नाक असतं. शाफ्ट एका गतीने फिरत राहतो. कॅमच्या आकारामुळे बराच वेळ काही घडत नाही आणि नाक आलं की एका क्षणात फटका बसतो. जोर कधी आणि किती लागू करायचा हे आकाराने ठरवणं, एवढंच कॅमचं काम. धनुष्याच्या कॅमवर दोन खाचा असतात. एकीवरून दोरी उलगडते, दुसरीवर केबल गुंडाळली जाते आणि ती समोरच्या पात्याला वाकवते. कॅम फिरतो तसं आसापासून दोरीचं अंतर वाढतं आणि केबलचं कमी होतं. लांब दांड्याच्या पहारीने मोठा दगड हलतो तसा, शेवटी दोरीवरचा थोडा जोर पात्यांचा मोठा जोर पेलून धरतो. पाती तेवढीच ताणलेली असतात. आपल्या बोटांना ते कळत नाही, इतकंच.

साठवलेली शक्ती म्हणजे ओढीच्या वजनाचा आणि अंतराचा एकत्रित हिशेब. वजन लवकर चढून टिकून राहत असल्यामुळे तेवढ्याच ओढीत कंपाऊंड जास्त शक्ती साठवतं. बाण सेकंदाला ८५-९० मीटरने जातो. साडेबावीस ग्रॅमच्या बाणात त्या वेगाला ऊर्जा भरते सुमारे ८८ जूल, म्हणजे ताशी १२० किलोमीटरने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूइतकी. फरक एवढाच, की चेंडूची ऊर्जा तळहातावर पसरते आणि बाणाची टोकावर एकवटते. याच कारणाने सरावाच्या मैदानामागे मातीचा बांध किंवा भिंत नसेल, तर तिथे कोणालाही कंपाऊंड हाती घेऊ देऊ नये. धोका मुख्यतः नवख्यांना असतो, कारण शेवटी वजन उतरल्यामुळे धनुष्य सोपं वाटतं.

अॅलनचा प्रश्न सुटला का? अर्धाच. तीस मीटरवर बाणाला आता पस्तीस शतांश सेकंद लागतो. हरणाकडे अजूनही पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ उरतोच. शिवाय अंतराचा अंदाज चुकला तर? भिंग ४० मीटरवर लावलं आणि हरीण प्रत्यक्षात ४५ वर असलं, तर माझ्या हिशेबाने बाण पंधरा सेंटिमीटर खाली लागतो. मैदानावर पन्नास मीटर म्हणजे पन्नासच मीटर, फूटपट्टीने मोजलेले. तिथे दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचं असतं आणि चांगले खेळाडू त्यात एकामागून एक बाण लावतात. मला वाटतं, या यंत्राचं खरं घर रान नव्हे, मैदानच होतं. अॅलनला ते ठाऊक नव्हतं. आपल्या नान्नजच्या माळावर तर आडोशाला झुडूपही मिळत नाही. काळवीट शंभर पावलांवरूनच मान वर करतं. सोमेश्वराच्या शिकाऱ्यांना पाळीव हरीण का लागत होतं, ते तिथे उभं राहिलं की पटतं.

याच माळावर एक समाज पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगला आणि त्याने धनुष्य जवळपास वापरलंच नाही. फासेपारधी. ‘पारध’ म्हणजेच शिकार. त्यांचं हत्यार म्हणजे फास: स्नायूंच्या किंवा दोरीच्या फाशांची रांग माळावर लावायची, शिकवलेली गाय किंवा बैल आड घेऊन हळूहळू पुढे सरकायचं आणि हरणांना किंवा तित्तरांना त्या दिशेला वळवायचं. जुन्या नोंदींत पाळलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधून सोडण्याची रीतही आहे. रानातला नर झुंजायला येतो आणि शिंगं अडकतात. यात जोराचं काही नाही, जनावराच्या स्वभावाचं ज्ञान आहे. अंतर कापण्यापेक्षा ते मिटवून टाकायचं, हा धनुष्याच्या उलट विचार झाला.

या ज्ञानाचं पुढे काय झालं? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या नंतरच्या रूपांनी पारध्यांसह अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. सोलापूरची सेटलमेंट त्याचीच खूण; तारेच्या कुंपणात वस्ती, हजेरी, आणि कामाला कापड गिरणी. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला. तो आवश्यक होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगरच्या माळावर अभयारण्य जाहीर करूनही तो पक्षी आपल्या हातून गेल्यातच जमा आहे. कायदा नसता तर काळवीटही गेलं असतं. पण एका कायद्याने माणूस गुन्हेगार ठरला, तो सुटला, आणि दुसऱ्याने त्याचं काम गुन्हा ठरलं, हा क्रमही लक्षात ठेवायला हवा. अमेरिकेत शिकारीच्या परवान्यांतून आणि सामानावरच्या करातून वन्यजीव खात्यांना पैसा मिळतो आणि शिकाऱ्याला समाजात मान असतो. आपल्याकडे जीपमधून बंदूक चालवणारे साहेब आणि संस्थानिक ‘शिकारी’ म्हणवले गेले आणि फास लावणारा ‘चोर’.

म्हणून स्पष्ट सांगतो, कारण हल्ली तरुण मुलं शिकारीची दृश्यं पाहून विचारतात. काळवीट, माळढोक हे अनुसूची एकमधले. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. फास लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं त्या शब्दात येतं. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराच्या बाबतीतही वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून काही करता येत नाही.

आता उरतो प्रश्न खेळाचा, आणि तो घराघरांत पैशाचा होऊन बसला आहे. २०२३ हे वर्ष महाराष्ट्राच्या कंपाऊंडचं होतं. मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने अव्वल मानल्या जाणाऱ्या माइक श्लोसरला १४९-१४८ ने हरवलं. बर्लिनमध्ये सतरा वर्षांची अदिती वैयक्तिक जगज्जेती झाली आणि ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. दोघांची तालीम साताऱ्याची, प्रवीण सावंत यांच्याकडची. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदकं मिळवली. १९९५ पासून जागतिक स्पर्धेत असलेलं कंपाऊंड २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक प्रकारात पहिल्यांदा येत आहे. साहजिकच सोलापूर-पंढरपूर-बार्शीकडचे पालकही आता विचारू लागले आहेत: मुलाला वेळूचं धनुष्य सोडून कंपाऊंड घेऊन द्यावं का?

आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर तीन प्रकार आहेत: वेळूच्या धनुष्याचा इंडियन राउंड, रिकर्व्ह आणि कंपाऊंड. वेळूचं धनुष्य काही हजारांत येतं. स्पर्धेच्या दर्जाचं कंपाऊंड, भिंग, स्थिरक दांडे, रिलीज आणि डझनभर कार्बनचे बाण धरून दोन-तीन लाखांच्या पुढे जातं. अदितीच्या शिक्षक वडिलांनी कर्ज काढलं होतं, हे जाहीर आहे. इथेच एक फसगत होते. स्वस्तात मिळतं म्हणून कोणी परदेशातून आलेलं, वापरलेलं शिकारी कंपाऊंड घेऊन देतं. ते आखूड असतं, कारण झाडाच्या मचाणावरून चालवायचं असतं. दोन कॅमच्या आसांमधलं अंतर तीसएक इंच. मैदानाचं धनुष्य छत्तीस-चाळीस इंचांचं, जड आणि म्हणून हातात शांत. शिकारी धनुष्याची ओढ बऱ्याचदा सत्तर पौंडांची; जागतिक नियमांत कमाल मर्यादा साठ. त्यावर झाडपानांची रंगरंगोटी असते, आणि स्पर्धेत छद्मरंगाचं सामान चालत नाही. स्वस्तातलं धनुष्य घरी भिंतीवर टांगून राहतं.

बदल करताना शरीरालाही नव्याने शिकावं लागतं. वेळूच्या किंवा रिकर्व्ह धनुष्यात ओढ माणूस ठरवतो. कंपाऊंडमध्ये ओढीची लांबी कॅम ठरवतो. शेवटी ‘भिंत’ लागते, पुढे ओढताच येत नाही. ही लांबी अर्धा इंच चुकली तरी खांदा वर चढतो आणि भिंग थरथरतं. वाढत्या वयाच्या मुलाला लांबी बदलता येईल असाच कॅम घ्यावा. दोरी बोटांनी नव्हे, रिलीज नावाच्या खटक्याने सोडायची. नवखा खटका मुद्दाम दाबतो आणि त्याच क्षणी दचकतो; चांगला प्रशिक्षक पाठीचा ताण वाढवत नेऊन खटका आपोआप सुटू द्यायला शिकवतो. राजस्थानातला लिंबाराम लहानपणी वेळूच्या धनुष्याने रानात पाखरं टिपत असे आणि पुढे तीन ऑलिंपिक खेळला. त्याची नजर रानाची होती, पण सोडण्याची पद्धत त्यालाही नव्याने घडवावी लागली असणार.

दोन गोष्टी आपल्या गावासाठी खास. मे महिन्यातल्या बंद मोटारीत धनुष्य ठेवू नये. उष्णतेने पात्यांचे थर सुटू शकतात आणि दोरी सैलावते. कॅमची वेळ बदलली की कालचा नेम आज राहत नाही. आणि बाण न लावता ओढून सोडू नये. बाणात जायची ऊर्जा धनुष्यातच फुटते, पातं तडकतं, केबल उडते, डोळा जाऊ शकतो. घरी आलेल्या पाहुण्यांच्या पोरांना नेमका हाच मोह होतो. दोरी-केबल बदलायला बो प्रेस नावाचा शिकंजा लागतो. तो जवळच्या कुठल्या मैदानावर आहे, हे धनुष्य घेण्याआधी विचारावं, घेतल्यावर नव्हे.

वापरलेलंच घ्यायचं असेल, तर जाताना खिशात कापसाचा बोळा न्यावा. पात्याच्या दोन्ही अंगांवरून आणि कडांवरून तो हलक्या हाताने फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल, तर तंतू तिथे अडकतात.